निविदेतलं ‘नवीन चलन’ कलम: नोटमोजणी यंत्रं आणि काउंटर सॉफ्टवेअरसाठी नेमकं काय लिहावं?

बार्देस_खतावणी
बार्देशातल्या एका पतसंस्थेच्या खरेदीचा मसुदा करायचा आहे. साधी नोटमोजणी यंत्रं ६, मिश्र गड्डी टाकली की एकूण रक्कम सांगणारी २, आणि चार शाखांसाठी काउंटर सॉफ्टवेअर. जुन्या करारातलं कलम असं:

“पुरवलेली यंत्रे व सॉफ्टवेअर भविष्यात येणाऱ्या सर्व नवीन चलनास सुसंगत असावीत.”

तिन्ही इच्छुक पुरवठादारांनी हे वाक्य एका अक्षराचीही घासाघीस न करता मान्य केलं. तिथेच शंका आली. काय बदलावं?

गल्ला_पणजी
शंका रास्त आहे. ज्या कलमावर पुरवठादार भांडत नाही ते कलम त्याला काहीच करायला लावत नाही असं खुशाल समजा. ‘सुसंगत’ म्हणजे कोणत्या दिवशी? नोट अजून छापलीच नाही तर यंत्र तिला ओळखणार कसं?

‘नवीन चलन’ या दोन शब्दांत तीन वेगळे प्रसंग कोंबले आहेत, ते आधी सोडवा. पहिला, मूल्य तेच पण नोटेचं रूप किंवा माप बदललं. दुसरा, नवं मूल्य आलं किंवा जुनं गेलं. तिसरा, चलनच बदललं किंवा शून्यं उडवली. तिन्हींत हात घालायचा भाग वेगळा, खर्च वेगळा, लागणारा वेळ वेगळा.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पहिला आणि दुसरा प्रसंग एकदमच आले. जुनी पाचशेची नोट ७३ × १६७ मिमी, नवी ६६ × १५०. दोन हजाराची ६६ × १६६. एटीएममध्ये नुसतं सॉफ्टवेअर बदलून भागलं नाही ते यामुळे. कॅसेटच्या, म्हणजे नोटा भरायच्या डब्याच्या, आतल्या बाजूपट्ट्या हलवाव्या लागल्या, कोणत्या कॅसेटमध्ये कोणतं मूल्य हे यंत्राला नव्याने सांगावं लागलं, आणि ते प्रत्येक यंत्रापाशी माणूस पाठवूनच. रुपयाचं कोडसुद्धा न बदलता एवढा व्याप.

तिसरा प्रसंग गोंयकाराला नवा नाही म्हणा. पोर्तुगीज काळात, १९५८ मध्ये, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने चलन बदललं आणि १९६१ च्या डिसेंबरनंतर ते एस्कुदोही गेले. तेव्हा मोजणी बोटांवर होती एवढंच.

रोलर_सेन्सर
यंत्रांबद्दल लिहितो, कारण निविदेत ‘नोटमोजणी यंत्र’ एवढंच लिहिलं की दोन अगदी वेगळ्या जातींना एकच नियम लागतो.

साधं यंत्र कागद मोजतं. नोट कोणती याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. रोलर नोट ओढतो, सेन्सर आकडा वाढवतो. अतिनील, चुंबकीय आणि अवरक्त तपासणी असते, पण ती ठरावीक मर्यादेवर ‘हो किंवा नाही’ एवढंच सांगते. नवी नोट आली की इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, जाडी आणि कोरेपणा वेगळा, त्यामुळे दोन नोटा एकत्र आत जातात किंवा सलग साखळीसारख्या ओढल्या जातात. उपाय म्हणजे मागचा फटीचा स्क्रू. एक नोट हाताने सरकवली तर किंचित अडत जावी, दोन अजिबात जाऊ नयेत. दोन, सेन्सरची मर्यादा नव्या शाईला जुळत नाही आणि चांगल्या नोटेवर यंत्र थांबतं. ती मर्यादा बहुतेक यंत्रांत बटणांतूनच कमीजास्त होते.

मिश्र मोजणीचं यंत्र नोटेची प्रतिमा आणि माप स्वतःजवळच्या साच्याशी ताडून पाहतं. साचा नसेल तर नोट बाहेर. तो साचा यंत्र बनवणारी मूळ कंपनीच तयार करते. पणजीतला वितरक फक्त यूएसबीतून तो भरतो. कलम लिहिताना हे विसरू नका. वितरकावर जबाबदारी टाकलीत आणि मूळ कंपनीशी त्याचा तसा करारच नसेल, तर तो माणूस हात वर करण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आता माप. हल्लीच्या मालिकेत पाचशे १५० मिमी लांब, दोनशे १४६, शंभर १४२. रुंदी तिन्हींची ६६. म्हणजे शेजारच्या मूल्यांत फरक फक्त ४ मिमीचा. नोट तिरकी आत गेली किंवा कोपरा दुमडलेला असला की लांबीवर विसंबणारं यंत्र गडबडतं. त्यात जुनी पन्नासची नोट १४७ × ७३ आणि जुनी वीसची १४७ × ६३, त्या अजून चालतात. दोनशे, जुने पन्नास, जुने वीस, तिघंही १४६-१४७ वर. स्वस्त ‘मिश्र’ यंत्रं मार खातात ती नेमकी इथेच. चाचणीत ही तीन नोटांची सरमिसळ हवीच.

कलम_सातबारा
रोलर_सेन्सर, मूळ कंपनीचा मुद्दा सोन्यासारखा आहे. निविदेसोबत मूळ उत्पादकाचं पत्र मागा: ‘करार आणि वार्षिक देखभालीच्या काळात भारतीय नोटांचे नवे साचे या वितरकामार्फत देऊ’. पत्र नसेल तर तांत्रिक लिफाफाच (दर पाहण्याआधी तपासायचा) बाद. नंतर भांडण्यापेक्षा हे बरं.

वेळेचं घड्याळ कधी सुरू होतं ते लिहा. ‘घोषणेपासून ७ दिवस’ असं अनेक करारांत दिसतं. ते पाळणं अशक्य आणि म्हणून निरुपयोगी. २०१६ मध्ये घोषणा झाली तेव्हा नवी नोट कुणाच्याच हातात नव्हती. घड्याळ दोन टप्प्यांत ठेवा:

“नवीन नोट शाखेत पहिल्यांदा जमा झाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत साधी यंत्रे समायोजित करणे, ३० दिवसांत मिश्र मोजणी यंत्रांत साचा भरून चाचणी पूर्ण करणे.”

बार्देस_खतावणी
३० दिवस फार होत नाहीत का? तोवर दोन्ही मोठी यंत्रं नुसती पडून राहतील.

रोलर_सेन्सर
पडून राहत नाहीत. त्यांत ‘फक्त मोजा’ ही सोय असते. नव्या नोटा वेगळ्या काढून त्या सोयीवर मोजायच्या, बाकी मिश्र मोजणीत. हीच पर्यायी पद्धत कलमात लिहून घ्या आणि ती कशी लावायची हे रोखपालाला सुरुवातीच्या प्रशिक्षणातच दाखवायला लावा.

घाईत आलेला साचा उलट त्रास देतो. तो बहुधा कोऱ्या नोटांवर बनवलेला असतो. दोन महिन्यांनी त्याच नोटा वापरून मळल्या की यंत्र त्यांना ओळखेनासं होतं. म्हणून साच्याची एकच आवृत्ती पुरत नाही. पहिली ३० दिवसांत आणि सुधारित आवृत्ती सहा महिन्यांच्या आत, दोन्ही विनामूल्य, असं मागा.

गोव्यासाठी आणखी एक. म्हापसा किंवा मडगावच्या मासळी बाजारातून आलेली रोकड पावसात ओलसर, मिठाळ असते. नोटा एकमेकींना चिकटतात, दोन-दोन जातात, आणि मीठ-खवल्यांचा थर सेन्सरच्या काचेवर बसतो. मग रोखपाल म्हणतो ‘नव्या नोटा घेत नाही’ आणि दोष चलनाचा नसून काचेचा असतो. खिशात राहून धुतलेल्या नोटेवर साबणातली चमक चढते, ती अतिनील प्रकाशात उजळते, आणि यंत्र अस्सल नोटेला संशयित ठरवतं. तक्रार नोंदवण्याआधी काच पुसून, नोट फिरवून पुन्हा टाकायची अशी एक ओळ घाला, नाहीतर दंडावरून रोजची कटकट.

गल्ला_पणजी
चाचणी कशी घ्यायची तेही ठरवून ठेवा. ‘समाधानकारक चाचणी’ म्हणजे कुणाचं समाधान? सोपा हिशेब: पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, वीस, दहा, प्रत्येकी १०० नोटा. एकूण ६०० नोटा, रक्कम ८८,००० रुपये. शंभर, पन्नास, वीस आणि दहाच्या गड्ड्यांत निम्म्या जुन्या मालिकेतल्या. साध्या यंत्रात प्रत्येक गड्डी पाच वेळा, मिश्र यंत्रात सगळा ढीग फेटून पाच वेळा. आकडा पाचही वेळा जुळलाच पाहिजे. अस्सल नोट नाकारली जाणं वेगळं मोजा. शेकडा दोनपर्यंत चालेल, पण रकमेत चूक एकही नाही.

बार्देस_खतावणी
आणि खोट्या नोटेची चाचणी? पुरवठादार म्हणतो खोटी नोट तुम्ही द्या, आम्ही पकडून दाखवतो.

कलम_सातबारा
अजिबात नको. काउंटरवर आलेली खोटी नोट जप्त करून नोंदवायची असते. ‘टेस्टिंगसाठी’ ड्रॉवरमध्ये जपायची वस्तू नव्हे ती. भारतीय न्याय संहितेचं कलम १८० खोटी नोट बाळगण्याबद्दल आहे. त्यात ती खरी म्हणून वापरण्याचा हेतू लागतो हे खरं, पण तो हेतू नव्हता हे पोलीस ठाण्यात समजावत बसण्याची हौस कुणाला? रंगीत झेरॉक्स काढून चाचणी ही पळवाटही सुचवली जाते. नोटेसारखा दिसणारा कागद बनवण्यासाठी कलम १८२ आहे.

काय करता येतं? कोरा कागद नोटेच्या मापाचा कापून टाका, पाचशेच्या गड्डीत दोनशेची नोट सरकवा, अर्धी दुमडलेली टाका, चिकटपट्टी लावलेली टाका. खोटेपणाच्या तपासणीबद्दल मात्र उत्पादकाचं चाचणी प्रमाणपत्र घ्या आणि ते यंत्राच्या नेमक्या आवृत्तीचं आहे का ते पाहा.

जुन्या नोटांचंही तसंच. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा एकूण दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. तेव्हा ‘जुनी नोट यंत्र नाकारतं का’ हे पाहायला कुणी अख्खी गड्डी काढली तर त्याला तिथेच थांबवा.

अर्धा_पैसा
सॉफ्टवेअरकडे कुणीच पाहत नाहीये, म्हणून मी लिहितो.

काउंटर सॉफ्टवेअरचा पहिला दोष म्हणजे मूल्यं कोडमध्ये खिळे ठोकून बसवलेली असतात. रोजच्या रोकड तपशिलात २०००, ५००, २००, १०० अशा ओळी छापील. नवं मूल्य आलं की प्रोग्रॅमर बोलवा, बिल द्या. कलमात लिहा की मूल्यांचा तक्ता व्यवस्थापकाला स्वतः भरता यावा, आणि प्रत्येक मूल्याला तीन तारखा असाव्यात: कधीपासून स्वीकारायचं, कधीपासून द्यायचं बंद, कधीपासून स्वीकारायचं बंद.

तीन तारखा कशाला? दोन हजाराची नोट बघा. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने ती चलनातून काढायला घेतली, बँकांत बदलून घेण्याची मुदत ३० सप्टेंबर होती ती ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली, आणि तरीही नोट कायदेशीर चलन राहिली. ज्यांनी तेव्हा तक्त्यातून ‘२०००’ ची ओळच पुसली त्यांचे २०२२ चे रोकड अहवाल पुन्हा छापले की बेरीज जुळत नाही. ओळ पुसायची नसते, तिला तारीख लावायची असते.

गल्ला_पणजी
यात गोव्याची एक अडचण. त्या नोटा घेणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत पणजी नाही. टपालाने पाठवाव्या लागतात. म्हणजे नोट गल्ल्यातून गेली पण रक्कम खात्यात आली नाही असा मधला काळ येतो. ‘वाटेत’ असं एक खातं सॉफ्टवेअरमध्ये हवं.

अर्धा_पैसा
बरोबर. आणखी छापाईचं. ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० ला ठरलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडमध्ये आलं. तरी अनेक थर्मल प्रिंटरच्या अंगभूत अक्षरसंचात ते नाही, आणि पावतीवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. पडद्यावर दिसतंय म्हणून चाचणी उत्तीर्ण करू नका, पावती हातात घ्या. उपाय दोन: चिन्ह चित्र म्हणून छापणं किंवा सरळ ‘रु.’ लिहिणं. दुसरा मला जास्त आवडतो, कधीच बिघडत नाही.

डिजिटल रुपयाबद्दल: किरकोळ वापराची प्रायोगिक सुरुवात १ डिसेंबर २०२२ ची. यूपीआयच्याच क्यूआरवर तो घेता येतो, त्यामुळे वेगळं यंत्र लागत नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये भरण्याचा प्रकार म्हणून त्याची वेगळी नोंद ठेवता येईल एवढं मागून ठेवा. ‘रोख’ मध्ये घातलात तर संध्याकाळी गल्ला कमी भरेल.

पर्वरी_कोड
थोडं बाजूचं विचारतो. हॉटेल बिलिंग सॉफ्टवेअर बल्गेरियातल्या ग्राहकाला दिलेलं आहे. करारात ‘युरोसाठी आवश्यक सर्व बदल पुरवठादार करील’ एवढीच ओळ. १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो. या एका ओळीत किती काम येतं?

अर्धा_पैसा
पुष्कळ. तुमचा हा खराखुरा तिसरा प्रसंग.

दर १ युरो = १.९५५८३ लेव्ह (बल्गेरियाचं जुनं चलन). युरोपीय नियमावली ११०३/९७ प्रमाणे हा दर कापायचा नाही, गोल करायचा नाही, आणि उलटा दर काढून गुणायचंही नाही. लेव्हवरून युरो काढताना भागाकारच. फरक किती पडतो पाहा: १० लाख लेव्ह भागिले १.९५५८३ म्हणजे ५,११,२९१.८८ युरो. कुणी ०.५११३ ने गुणलं तर ५,११,३००. आठ युरो बारा सेंट हवेतून आले.

मग ओळीओळीचं गोलीकरण. एक-एक लेव्हच्या दहा ओळी वेगवेगळ्या बदलल्या तर प्रत्येकी ०.५१, बेरीज ५.१०. एकूण १० लेव्ह एकदम बदलले तर ५.११. कोणती पद्धत वापरायची हे करारात नसेल तर तो एक सेंट कायम तुमच्या गळ्यात.

अर्धा सेंट आला की वर, असा नियम आहे. पण काही भाषांचं अंगभूत गोलीकरण अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेतं. दराच्या भागाकारात तंतोतंत अर्धा क्वचितच येतो, करात मात्र येतो. परताव्याच्या ऋण रकमा वेगळ्या तपासा. बिलात ०.५०५ चे ०.५१ झाले आणि परताव्यात उणे ०.५०५ चे उणे ०.५० झाले, तर पूर्ण परतावा देऊनही एक सेंट शिल्लक दिसतो.

किमती दोन्ही चलनांत दाखवण्याची सक्ती ८ ऑगस्ट २०२५ पासून ८ ऑगस्ट २०२६ पर्यंत, आणि जानेवारी २०२६ भर दोन्ही रोख चलनं चालू. म्हणजे पावतीचा नमुना, दरपत्रक, ड्रॉवरची मोजणी, तिन्हींत काम. डिसेंबरच्या लेव्हमधल्या बिलाचा परतावा जानेवारीत त्याच दराने युरोत. जुनी बिलं मात्र लेव्हमध्येच राहू द्या, सगळा इतिहास बदलून टाकण्याचा उत्साह नको.

कलम_सातबारा
आणि तुमची स्वतःची देखभाल फी लेव्हमध्ये ठरली असेल तर ती त्याच दराने युरोत आपोआप येते. चलन बदललं म्हणून करार मोडत नाही किंवा एकतर्फी बदलता येत नाही, हे त्याच नियमावलीत आहे. पर्वरी_कोड, वरची कामं एकेक करून लिहा आणि कोणती फीत बसतात, कोणती जादा, ते ग्राहकाशी आत्ता ठरवा. ‘सर्व बदल’ हे दोन शब्द तुमच्या अंगावर येणार, त्याच्या नाही.

बागा_फॉरेक्स
परकीय चलन बदलणाऱ्यांसाठी एक भर. चलनाचं कोडही (प्रत्येक चलनाला ठरवून दिलेली आंतरराष्ट्रीय खूण) बदलू शकतं. रशियाने १ जानेवारी १९९८ ला हजाराला एक असा नवा रूबल आणला, तेव्हा अंकी कोड ८१० चं ६४३ झालं. पण रशियातल्या बँक खात्यांच्या क्रमांकात ८१० अजून दिसतं. सॉफ्टवेअरने ८१० वाचून ‘अज्ञात चलन’ म्हणत अडू नये. आणि पौंड: कोड तोच, पण कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर कायदेशीर चलन राहिल्या नाहीत. कळंगुटच्या काउंटरवर त्या अजून येतात. चलन नव्हे, नोटेची मालिका ओळखून रोखपालाला इशारा देणारा तक्ता मागा.

बार्देस_खतावणी
देव बरें करूं सगळ्यांचं. मसुदा असा केला आहे, ठोका:

“(अ) चालू मूल्याच्या नोटेचे रूप वा माप बदलल्यास, तसेच नवीन मूल्य आल्यास, नोट शाखेत प्रथम जमा झाल्यापासून साधी यंत्रे ३ कामकाजी दिवसांत, मिश्र यंत्रे ३० दिवसांत परिशिष्ट ‘क’ मधील चाचणीस उतरतील. साच्याची सुधारित आवृत्ती ६ महिन्यांत. हे काम देखभाल शुल्कात समाविष्ट. (आ) सुटा भाग बदलावा लागल्यास परिशिष्ट ‘ड’ मधील दर. (इ) चलनाचे नाव, कोड वा दशांश बदलल्यास स्वतंत्र कार्यादेश, ताशी दर परिशिष्टाप्रमाणे. (ई) विलंबास प्रति यंत्र प्रतिदिन वार्षिक देखभाल शुल्काच्या १ टक्का, कमाल १० टक्के.”

कलम_सातबारा
(ई) ठीक. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, आपोआप मिळणारं बक्षीस नव्हे. त्यामुळे विलंबाची नोंदवही ठेवा. तक्रारीची तारीख, इंजिनिअर आल्याची वेळ, दोघांची सही.

(इ) मध्ये एक भोक आहे. दोन चलनं एकाच वेळी चालण्याचा काळ आला तर तो (अ) मध्ये की (इ) मध्ये? (इ) मध्ये स्पष्ट लिहा.

रोलर_सेन्सर
(आ) मध्ये ‘सुटा भाग’ एवढं मोघम ठेवू नका. फीड रोलर, अडवणारा रबर, सेन्सरची काच, पट्टे, एवढ्यांची नावं आणि दर. रोलर झिजला की यंत्र नव्या नोटा दोन-दोन घेतं आणि बिल ‘चलन बदलामुळे’ म्हणून येतं. तो झीजेचा खर्च आहे, चलनाचा नाही.

आणि त्या ८८,००० च्या चाचणी गड्ड्या इंजिनिअरसोबत बाहेर जाऊ देऊ नका. सकाळी गल्ल्यातून काढायच्या, रोखपालासमोर चाचणी, संध्याकाळी परत गल्ल्यात. साचा बनवायला मूळ कंपनीला नोटा हव्या असतील तर त्या वितरकाने स्वतःच्या बँकेतून काढाव्यात, तेही लिहा.

बार्देस_खतावणी
लिहितो. परिशिष्ट ‘क’ मध्ये ओलसर नोटांची एक फेरी जुलैत घ्यायची असंही घालतो.

रोलर_सेन्सर
घाला, पण पंख्याखाली अर्धा तास पसरून मग. ओल्याकंच नोटा टाकून रोलर बिघडला तर तो वितरकाचा दोष ठरणार नाही.